व्होल्ट आणि अँपिअर माहीत असतील तर ओहम आणि वॅट कसे काढायचे

विजेच्या किटलीच्या तळाशी एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर बहुधा दोनच आकडे छापलेले असतात. समजा, ते २३० व्होल्ट आणि २००० वॅट असे आहेत. किटली किती अँपिअर धारा घेणार, तिच्या तापणाऱ्या तारेचा रोध किती ओहम आहे, एक लिटर पाणी उकळायला किती वेळ लागेल, यांपैकी काहीही त्या पट्टीवर लिहिलेले नसते. पण हे सारे त्या दोन आकड्यांवरून काढता येते आणि त्यासाठी गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही. तरीही अशी उदाहरणे पुष्कळदा चुकतात. ती गुणाकारात चुकत नाहीत. व्होल्ट एका भागाचे आणि अँपिअर दुसऱ्याच भागाचे घेतले जातात, किंवा त्या परिपथात काय स्थिर राहते आणि काय बदलते याचा विचार न करता सूत्र लावले जाते, तिथे ती चुकतात. म्हणून पुढे सूत्रे थोडक्यात सांगितली आहेत आणि ती कुठे, कशी लावायची याला जास्त जागा दिली आहे.

भागाकार आणि गुणाकार

एखाद्या तारेतून, दिव्यातून किंवा उपकरणातून दर सेकंदाला किती विद्युतप्रभार वाहतो, ते विद्युतधारा सांगते. प्रभाराचे एकक कूलोम आहे आणि सेकंदाला एक कूलोम प्रभार वाहत असेल तर धारा एक अँपिअर आहे, असे म्हणतात. विद्युतदाब, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात व्होल्टेज म्हणतो आणि शालेय पुस्तकात विभवांतर म्हणतात, तो दोन बिंदूंमध्ये मोजला जातो. एक कूलोम प्रभार एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जाताना किती ज्यूल ऊर्जा देतो, त्याचे ते माप आहे. कूलोममागे एक ज्यूल म्हणजे एक व्होल्ट.

या दोन व्याख्या नीट वाचल्या तर शक्तीचे सूत्र पाठ करावे लागत नाही. प्रत्येक कूलोम इतके ज्यूल देतो आणि दर सेकंदाला इतके कूलोम जातात. दोहोंचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती ज्यूल मिळतात ते कळते, आणि सेकंदाला एक ज्यूल यालाच एक वॅट म्हणतात. म्हणजे

शक्ती = विद्युतदाब × धारा

रोधासाठी मात्र भागाकार करायचा. दिलेल्या दाबाला जितकी कमी धारा वाहते तितका त्या भागाचा रोध जास्त, म्हणून

रोध = विद्युतदाब ÷ धारा

एक व्होल्ट दाबाला एक अँपिअर धारा वाहत असेल तर रोध एक ओहम असतो. या दोन समीकरणांतून आणखी दोन निघतात. शक्तीच्या सूत्रात दाबाच्या जागी 'धारा × रोध' ठेवले की शक्ती = धारा × धारा × रोध असे होते, आणि धारेच्या जागी 'दाब ÷ रोध' ठेवले की शक्ती = दाब × दाब ÷ रोध असे होते. एक त्रिकोण काढून त्यात तीन अक्षरे लिहायची आणि जे हवे त्यावर बोट ठेवायचे, ही युक्ती अनेकांना शाळेत शिकवलेली असते. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण कोणत्या दोन बिंदूंमधले व्होल्ट घ्यायचे, हे तो त्रिकोण सांगत नाही आणि खरी अडचण तिथेच असते.

आता किटलीकडे वळू. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले की ८.७ अँपिअर येतात. २३० व्होल्टला त्या धारेने भागले की रोध सुमारे २६.४५ ओहम येतो. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३,३५,००० ज्यूल ऊर्जा लागते, कारण एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात. दर सेकंदाला २००० ज्यूल मिळत असतील तर १६७ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना थोडे कमी. प्रत्यक्षात किटलीचे भांडेही तापते आणि थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे वेळ याहून जरासा जास्त लागतो.

एककांबद्दल इथेच एक सावधगिरी सांगतो आणि पुढे जातो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये धारा बहुधा मिलिअँपिअरमध्ये दिलेली असते. व्होल्टला मिलिअँपिअरने भागले तर उत्तर किलोओहममध्ये येते आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणले तर मिलिवॅटमध्ये. ५ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर यांवरून रोध अर्धा ओहम निघाला, तर उत्तर हजारपटीने चुकले आहे. ते ५०० ओहम हवे.

कोणाचे व्होल्ट, कोणाचे अँपिअर

ज्या भागाचा रोध किंवा शक्ती काढायची, त्याच्याच दोन टोकांमधला दाब आणि त्याच्यातूनच जाणारी धारा घेतली पाहिजे, आणि दोन्ही एकाच वेळची हवीत. हे वाचताना अगदी उघड वाटते, पण परिपथात दोनतीन भाग एकामागे एक आले की याचाच विसर पडतो.

पांढरा एलईडी १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर लावायचा आहे, असे समजू. तो थेट जोडता येत नाही. त्याच्याशी एकसर, म्हणजे एकामागे एक असा, एक रोधक (ठरावीक रोधाचा सुटा भाग) जोडावा लागतो. एलईडी नीट उजळण्यासाठी २० मिलिअँपिअर धारा हवी आहे आणि तेवढी धारा वाहताना त्याच्या टोकांमध्ये ३ व्होल्ट असतात. इथे १२ व्होल्टला ०.०२ अँपिअरने भागून ६०० ओहम असे उत्तर काढणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. ते १२ व्होल्ट रोधकाच्या टोकांमध्ये नाहीतच. त्यांतले ३ एलईडीकडे गेले आहेत आणि रोधकाच्या वाट्याला ९ आले आहेत. धारा मात्र एकसर जोडणीत सगळीकडे सारखीच असते. म्हणून रोध ९ ÷ ०.०२ म्हणजे ४५० ओहम हवा. रोधक ठरावीक मूल्यांचेच मिळतात आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मालिकेत ३९० नंतर थेट ४७० येतो, म्हणून ४७० ओहमचा घ्यायचा. धारा किंचित कमी होऊन १९ मिलिअँपिअरच्या आसपास येते, आणि डोळ्यांना हा फरक कळत नाही.

आता शक्ती. रोधकात ९ × ०.०१९ म्हणजे सुमारे ०.१७ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रोधक चालेल, पण तो चांगलाच गरम राहील; बंद खोक्यात बसवायचा असेल तर अर्ध्या वॅटचा घेणे बरे. एलईडी स्वतः ३ × ०.०१९, म्हणजे जेमतेम ०.०६ वॅट घेतो. पुरवठ्यातून निघालेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग रोधकात नुसती उष्णता होऊन जातो! १२ व्होल्टच्या पट्ट्यांमध्ये तीन-तीन एलईडी एकसर जोडलेले असतात, ते यामुळेच: त्यांच्यात ९ व्होल्ट खपतात आणि रोधकासाठी ३ व्होल्टच उरतात.

विद्युतघटाच्या बाबतीत हाच विचार आणखी उपयोगी पडतो. एका घटाला काहीही न जोडता मल्टीमीटर (व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारे उपकरण) लावला तर १.५० व्होल्ट दिसतात, आणि त्याला छोटा दिवा जोडून अर्धा अँपिअर धारा वाहू लागली की त्याच टोकांमध्ये १.३५ व्होल्ट दिसतात, असे धरू. दिव्याचा रोध १.३५ ÷ ०.५ म्हणजे २.७ ओहम. मग मधले ०.१५ व्होल्ट कुठे गेले? घटाच्या आतल्या द्रव्यांतून जातानाही धारेला रोध होतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात आणि तो इथे ०.१५ ÷ ०.५ म्हणजे ०.३ ओहम आहे. शक्तीचा हिशेब जुळतो का ते पाहू. दिव्यात १.३५ × ०.५ म्हणजे ०.६७५ वॅट, घटाच्या आत ०.१५ × ०.५ म्हणजे ०.०७५ वॅट, आणि एकूण १.५ × ०.५ म्हणजे ०.७५ वॅट. बेरीज बरोबर आली. कोणत्याही परिपथात सर्व भागांच्या शक्तींची बेरीज पुरवठ्याच्या शक्तीइतकी यायलाच हवी. गणित तपासण्याची याहून चांगली रीत माझ्या माहितीत नाही.

घट जुना होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणून मीटरवर १.४ व्होल्ट दाखवणारा घट टॉर्चमध्ये घातला तर दिवा मिणमिणतो. मीटर नगण्य धारा घेतो, त्यामुळे आतल्या रोधावर जवळजवळ काहीच व्होल्ट पडत नाहीत. दिवा जास्त धारा मागतो आणि मग दाब आतच खपतो. घटाची खरी परीक्षा दिवा जोडून, म्हणजे धारा वाहत असतानाच होते.

आता किटली लांब वायरीवर लावून पाहू. वीस मीटर लांबीची वायर आहे आणि आतली तांब्याची तार एक चौरस मिलिमीटर जाडीची आहे. धारा जाते आणि परत येते, त्यामुळे तांब्याची लांबी ४० मीटर धरायला हवी आणि तिचा रोध सुमारे ०.६९ ओहम भरतो. किटलीचा रोध २६.४५ ओहम आहे. एकसर बेरीज २७.१४ ओहम. धारा आता ८.७ नव्हे, तर ८.४७ अँपिअर. वायरीवर सुमारे ५.८ व्होल्ट पडतात आणि किटलीला २२४ व्होल्टच मिळतात. किटलीची शक्ती साधारण १९०० वॅट झाली आणि वायरीत जवळपास ५० वॅट उष्णता होऊ लागली.

इथे जरा थांबण्यासारखे आहे. किटलीचे १०० वॅट कमी झाले, पण वायरीत ५० वॅटच दिसतात. उरलेले ५० कुठे गेले? ते कुठेही गेलेले नाहीत. ते पुरवठ्यातून निघालेच नाहीत. वायरीच्या रोधामुळे एकूण धारा कमी झाली आणि पुरवठ्याची शक्तीही २००० ऐवजी १९५० वॅटवर आली. वीस मीटर वायर मोकळी पसरलेली असेल तर ५० वॅट उष्णता सहज हवेत निघून जाते. तीच वायर रिळावर गुंडाळलेली राहू दिली तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरीचे प्लॅस्टिकचे वेष्टन मऊ पडू लागते. जास्त वॅटचे उपकरण लावण्याआधी रीळ पूर्ण उलगडावे, असे म्हणतात ते याच कारणाने.

रोध वाढला तर उष्णता वाढते की कमी होते?

शक्तीची दोन सूत्रे शेजारी ठेवली की एक विरोधाभास दिसतो आणि तो अनेकांना बराच काळ छळतो. 'धारा × धारा × रोध' या सूत्रानुसार रोध वाढला की शक्ती वाढते. 'दाब × दाब ÷ रोध' या सूत्रानुसार रोध वाढला की शक्ती कमी होते. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. मग खरे काय?

उत्तर असे, की दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. पहिले वाक्य धारा स्थिर असेल तर खरे आहे आणि दुसरे दाब स्थिर असेल तर. घरातल्या सॉकेटमध्ये दाब जवळपास स्थिर असतो, म्हणून तिथे कमी रोधाचे उपकरण जास्त तापते: २००० वॅटच्या किटलीचा रोध २६ ओहम आहे, तर १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याचा ५२९ ओहम. 'हीटरचा रोध फार मोठा असतो म्हणून तो तापतो' हे पुष्कळदा ऐकू येणारे वाक्य म्हणूनच फसवे आहे. हीटरचा रोध त्याला वीज पुरवणाऱ्या वायरीच्या तुलनेत मोठा असतो, एवढेच खरे. वायर आणि हीटर एकसर आहेत, दोघांतून एकच धारा जाते आणि म्हणून ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. एकाच परिपथात दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी सूत्रे लागतात.

हे स्पष्ट दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १०० वॅटचा आणि ६० वॅटचा, असे टंगस्टन तारेचे २३० व्होल्टचे दोन दिवे घ्यावेत. समांतर जोडले, म्हणजे नेहमीसारखे दोन वेगळ्या सॉकेटमध्ये लावले, तर अर्थातच १०० वॅटचा जास्त प्रकाश देतो. तेच दोन एकसर जोडले तर ६० वॅटचा जास्त उजळतो आणि १०० वॅटचा जेमतेम लालसर दिसतो. गणित असे: १०० वॅटच्या दिव्याचा रोध ५२९ ओहम, ६० वॅटच्याचा ५२,९०० ÷ ६० म्हणजे सुमारे ८८२ ओहम. एकसर बेरीज १,४११ ओहम, धारा ०.१६३ अँपिअर. पहिल्यात १४ वॅट, दुसऱ्यात सुमारे २३ वॅट. दिव्यावर छापलेले वॅट हा दिव्याचा कायमचा गुण नाही. २३० व्होल्टवर लावला तर तो इतके वॅट घेईल, एवढेच ते सांगतात.

छापील व्होल्टेज सोडून दुसऱ्या दाबावर उपकरण लावले की काय होते, हेही यातून कळते. रोध तोच राहिला असे धरले तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब दहा टक्क्यांनी उतरला तर शक्ती १९ टक्क्यांनी उतरते. २३० व्होल्टची २००० वॅटची किटली ११५ व्होल्टवर लावली तर ती १००० नव्हे, ५०० वॅट देते आणि पाणी तापायला चौपट वेळ घेते. उलट, ११५ व्होल्टसाठी बनवलेले १००० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर लावले तर ते ४००० वॅट घेऊ पाहते आणि काही क्षणांत जळते.

वीज दूरवर नेताना दाब प्रचंड वाढवतात, त्यामागेही धारेचा वर्गच आहे. १०० किलोवॅट शक्ती एक ओहम रोधाच्या तारेतून न्यायची असेल, तर १००० व्होल्टवर १०० अँपिअर लागतात आणि तारेत १०० × १०० × १, म्हणजे १० किलोवॅट वाया जातात. १०,००० व्होल्टवर धारा १० अँपिअर होते आणि तारेत फक्त १०० वॅट जातात. दाब दहापट, नुकसान शंभरावा भाग. इथे कोणी 'दाब × दाब ÷ रोध' हे सूत्र लावून दाब वाढल्यावर नुकसान वाढायला हवे असा आक्षेप घेतला, तर त्याने तारेच्या दोन टोकांमधला दाब घेतलेला नाही. ते १०,००० व्होल्ट जाणाऱ्या आणि परतणाऱ्या तारेमध्ये आहेत. तारेच्या स्वतःच्या लांबीवर पडणारा दाब १० अँपिअर × १ ओहम, म्हणजे १० व्होल्ट आहे, आणि १० × १० ÷ १ केले तरी १०० वॅटच येतात.

ओहमचा नियम नेमके काय म्हणतो

दाबाला धारेने भागले की रोध मिळतो, ही रोधाची व्याख्या झाली. ती कोणत्याही वस्तूला, कोणत्याही क्षणी लावता येते. ओहमचा नियम त्यापुढे जाऊन एक दावा करतो: तापमान वगैरे भौतिक अवस्था तीच राहिली तर धातूच्या वाहकासाठी हे गुणोत्तर दाब कितीही बदलला तरी तेच राहते. हा दावा सिद्ध करणे सोपे नव्हते. जर्मनीतले शिक्षक गेओर्ग सिमोन ओहम १८२५-२६ मध्ये प्रयोग करत होते, तेव्हाचे विद्युतघट इतके अस्थिर होते की वाचन घेता घेता दाब उतरायचा. म्हणून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे उष्मायुग्म, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणारी दोन धातूंची जोडी, वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने पक्की, त्यामुळे दाबही पक्का. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ते चुंबकसूचीवरचा परिणाम मोजत गेले, आणि त्यांना मिळालेल्या सूत्रात तारेच्या लांबीबरोबर एक स्थिरांकही छेदात येत होता. तो स्थिरांक म्हणजे उरलेल्या परिपथाचा रोध. वर घटात पाहिलेल्या अंतर्गत रोधासारखाच. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्याचे थंडेच स्वागत झाले, पण १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. योगायोगाने त्याच १८४१ साली जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी, पाण्यात बुडवलेल्या तारेने पाणी किती तापते ते मोजून, उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

नियमातली 'तापमान तेच राहिले तर' ही अट केवळ शोभेची नाही. १०० वॅटचा दिवा बंद आणि थंड असताना त्याचा रोध मल्टीमीटरने मोजला तर ५२९ ओहम दिसत नाही. चाळीस ओहमच्या आसपास दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला पोहोचते आणि तिचा रोध तेरापट-चौदापट होतो. बटण दाबताच्या क्षणी थंड तारेतून २३० ÷ ४०, म्हणजे जवळपास ६ अँपिअर धारा धावते आणि सेकंदाच्या लहानशा अंशात ती ०.४३ अँपिअरवर येते. असे दिवे बहुधा लावतानाच का उडतात, त्याचे कारण या धक्क्यात आहे. किटलीची नायक्रोम (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) तार मात्र थंड असताना आणि तापल्यावर जवळपास तोच रोध दाखवते. म्हणून मल्टीमीटरवर २६ ओहम पाहून किटली ठीक आहे असे म्हणता येते, दिव्याबाबत तसे म्हणता येत नाही.

रोधाचा हा बदल उपयोगीही पडतो. शून्य अंशाला १०० ओहम असलेली प्लॅटिनमची तार १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम होते, आणि कारखान्यांतले अनेक तापमापक ओहम मोजूनच अंश सांगतात. एलईडी आणि डायोड तर ओहमचा नियम पाळतच नाहीत. एलईडीतून ५ मिलिअँपिअर जाताना २.८ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर जाताना ३ व्होल्ट असतील, तर भागाकार एकदा ५६० येतो आणि एकदा १५०. व्याख्येप्रमाणे दोन्ही बरोबर आहेत, पण 'एलईडीचा रोध' म्हणून एकच आकडा सांगता येत नाही. शक्तीचे 'दाब × धारा' हे सूत्र तरीही प्रत्येक क्षणी लागू पडते, कारण ते ओहमच्या नियमावर अवलंबून नाही.

मोजताना

धारा मोजणारा अमीटर एकसर जोडतात आणि दाब मोजणारा व्होल्टमीटर समांतर. अमीटरचा रोध अगदी थोडा असतो. तो चुकून सरळ पुरवठ्याच्या दोन टोकांना लावला तर प्रचंड धारा वाहून मीटरचा फ्यूज उडतो, आणि फ्यूज निकृष्ट असेल तर हाताशी स्फोटही होऊ शकतो. मल्टीमीटर ओहम मोजण्यावर ठेवलेला असताना तो चालू परिपथाला कधीही लावू नये.

दोन्ही मीटर एकदम लावले की एक बारीक प्रश्न उभा राहतो: व्होल्टमीटर फक्त रोधकावर लावायचा, की रोधक आणि अमीटर या दोघांवर मिळून? डिजिटल व्होल्टमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. मोजायचा रोधही १० मेगाओहम असेल आणि व्होल्टमीटर त्याच्यावरच असेल, तर अमीटरमधून दोघांची धारा जाते आणि उत्तर ५ मेगाओहम येते. म्हणून मोठ्या रोधासाठी व्होल्टमीटर दोघांवर मिळून लावावा. उलट, अर्ध्या ओहमचा रोध असेल आणि अमीटरचा स्वतःचा रोध ०.१ ओहम असेल, तर तशा जोडणीत उत्तर ०.६ येईल, तिथे व्होल्टमीटर थेट रोधकाच्या टोकांनाच टेकवावा.

प्रत्यावर्ती धारा आणि मोटार

घरातला दाब सतत दिशा बदलतो. २३० व्होल्ट हे त्याचे परिणामकारक मूल्य आहे, म्हणजे हीटरमध्ये २३० व्होल्टच्या स्थिर दाबाइतकीच उष्णता निर्माण करणारे मूल्य. शिखरावर तो ३२५ व्होल्टपर्यंत जातो. किटली, इस्त्री, टंगस्टनचा दिवा यांना वरची सगळी सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात. मोटारीला पडत नाहीत. मोटारीत धारा दाबाच्या मागे पडते, त्यामुळे दाब आणि धारा यांच्या गुणाकाराला शक्तिगुणकाने, म्हणजे त्या गुणाकाराचा किती भाग खरी शक्ती आहे ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणावे लागते. २३० व्होल्टवर २ अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा शक्तिगुणक ०.७ असेल, तर तिची शक्ती ४६० नव्हे, ३२२ वॅट आहे.

रोधाचेही तसेच. २३० ÷ २ केल्यावर येणारे ११५ ओहम हा गुंडाळीच्या तारेचा रोध नसतो. मीटरने मोजला तर तो ८ ओहमच भरेल. उरलेला अडथळा चुंबकीय परिणामांचा आणि मोटार फिरताना तिच्यातच तयार होणाऱ्या, पुरवठ्याला विरोध करणाऱ्या दाबाचा (विरोधी दाबाचा) आहे, आणि तो उष्णता निर्माण करत नाही. गुंडाळीत होणारी उष्णता २ × २ × ८, म्हणजे ३२ वॅट आहे; बाकीच्या २९० वॅटपैकी बहुतेक काम करण्यात जातात. मोटारीचा दांडा अडकला तर विरोधी दाब नाहीसा होतो आणि धारा कित्येक पट वाढते. ती पाचपट, म्हणजे १० अँपिअर झाली असे धरले तर गुंडाळीत १० × १० × ८, म्हणजे ८०० वॅट उष्णता होऊ लागते, आणि दांड्याबरोबर पंखाही थांबलेला असल्याने ती उष्णता बाहेर काढायला वाराही उरत नाही. अडकलेली मोटार थोड्याच वेळात जळते, ती या २५ पट उष्णतेमुळे.